चपलांच्या रॅकवरचे दोन राजे

मालनबाई,

काल मंजुषाचा फोन आला. तिनं नाताळचा देखावा मांडायला घेतलाय आणि तिला विचारायचंय, यंदा तिन्ही राजे आत ठेवायचे की दोघांना बाहेरच. मी म्हटलं, घर तुझं, देव तुझा, मला कशाला विचारतेस? तर म्हणाली, तुला कोण विचारतंय, मालनबाईंना विचार. हरसूलला तुमचा फोन लागत नाही. लागलाच तर तुमचे खंडेराव उचलतात, "हाय, हाय, बरं हाय" म्हणतात आणि ठेवून देतात. म्हणून हे लिहिते. शनिवारी तुमचा सार्थक आणि तेजस्विनी गावाकडे येणार आहेत, त्यांच्या हाती देईन. सुनेकडून वाचून घ्या. तुम्हाला ठाऊक असलेलंच यात पुष्कळ आहे, पण तुमची नात मोठी झाल्यावर वाचेल आणि तिला ते ठाऊक नसेल. तेव्हा मधेमधे "हे मला म्हाईत हाय" करू नका. ऐका.

तुम्ही माझ्या घरी पहिल्यांदा आलात ते माझ्या लेकीच्या, स्वानंदीच्या बाळंतपणात. सातपूरहून सकाळच्या बसनं गंगापूर रोडला उतरलात, काखेत पिशवी, पिशवीत तेलाची बाटली, जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा आणि सहाण. घर कोणाचं, माणसं कोण, काही विचारलं नाही. सरळ न्हाणीघरात गेलात, बादलीत हात घातलात आणि म्हणालात, "ह्याला तुमच्याकडं गरम म्हनत्यात?"

मग पाटावर पाय पसरून बसलात आणि तिच्या बाळाला, गौरांगला, नडग्यांवर पालथा घातलात. तो असा किंचाळला की वरच्या मजल्यावरचे लोक दार वाजवायला आले. त्यानंतर तो दुपारपर्यंत झोपला आणि आम्हीही.

तुमचं सगळंच मला पटत होतं असं नाही. बाळाच्या कानात तेल घालणं चूक आहे, हे मी तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगते. धुरीवरून तर आपली रोज भांडणं. डॉक्टर नको म्हणाले, मी नको म्हणाले, तुम्ही "शिकल्याली मानसं" एवढंच म्हणालात आणि शेगडी बाल्कनीत नेऊन पेटवलीत. त्या धुरीचा कोणाला फायदा झाला असेल तर कबुतरांना.

पण तुमची खरी ख्याती मालिशीची नव्हे, पाहुणे हाकलण्याची. गंगापूर रोडच्या निम्म्या इमारतींत बाळ बघायला येणारे लोक आधी खाली वॉचमनला विचारत, मालनबाई वर आहेत का. बारशाच्या आत कोणी यायचं नाही. बारशानंतर यायचं तर हातपाय धुवून, लांबून बघायचं, आणि एक प्रश्न अजिबात विचारायचा नाही: बाळ कोणासारखं दिसतं? "मानसासारखं दिसतं," असं तुम्ही एकीला सांगितलंत. कोणी जास्त रेंगाळलं की तुमचं ठरलेलं वाक्य होतं. "झालं बघून? मंग निघा."

माझे दीर दिवाकर बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांना दारात अडवायची कोणाची छाती नव्हती. ते पेढे घेऊन आले आणि उंबऱ्यावरच शिंकले.

तुम्ही म्हणालात, "तिथंच थांबा."

"अहो, मी स्वानंदीचा काका आहे."

"आसाल. पेढे ठिवा. शिंक संगं न्या."

अजूनही घरात काही कार्य असलं की ते आधी मला विचारतात, ती बाई येणार नाही ना?

तर मंजुषा भालेरावच्या लेकीला, शेरॉनला, दिवस गेले तेव्हा तुमचं नाव मीच सुचवलं. मंजुषा माझी कॉलेजातली मैत्रीण, आता शेजारच्याच इमारतीत राहते. ख्रिस्ती घर, दर रविवारी शरणपूर रोडकडच्या चर्चला जाणार, आणि डिसेंबर लागला की दिवाणखान्यात देखावा मांडणार. तिच्या सासऱ्यांच्या वेळची मातीची चित्रं आहेत ती. गवताचं छप्पर, गाय, गाढव, गव्हाणीत बाळ, आई, बाप, मेंढपाळ, तीन राजे आणि एक उंट. शेरॉन नेमकी डिसेंबरातच बाळंत झाली. म्हणजे एकाच घरात दोन बाळंतिणी. मंजुषाच्या हे लक्षात आलं नव्हतं. तुमच्या पहिल्याच दिवशी आलं.

तुम्ही शेरॉनच्या बाळाला न्हाऊमाखू घालून हात पुसत बाहेर आलात आणि देखाव्यासमोर थांबलात. मी तिथंच चहा पीत बसले होते.

"ही कोनाची बाळातीन?"

मंजुषा म्हणाली, "मरिया. येशूची आई."

"कितवा दिस?"

"पहिलाच."

"पैल्या दिशी गुडघ्यावर बसिवली?"

 मरिया मंजुषाच्या सासऱ्यांच्या काळापासून गुडघ्यावरच बसलेली होती.

"कानाला फडकं नाय. वारं लागंल तिला." असं म्हणून तुम्ही खांद्यावरच्या मलमलीची चिंधी फाडलीत आणि मरियेच्या डोक्याला कानांवरून घट्ट बांधलीत. गाठ हनुवटीखाली. मरिया दाढ दुखत असल्यासारखी दिसायला लागली. आतून शेरॉन ओरडली, "आई, मला हसवू नका गं, टाके दुखतात!"

"आन ह्यो?"

"योसेफ. नवरा."

"काय करतोय?"

"उभा आहे."

"उभाच ऱ्हानार. बादली द्या कोनीतरी त्याच्या हातात."

मेंढपाळांवर मात्र तुमचा राग नव्हता. मंजुषानं सांगितलं, हे रानात मेंढरं राखत होते, देवदूतानं त्यांना आधी बातमी दिली, ते धावत आले. हातात काही नव्हतं. तुम्ही म्हणालात, "ह्यांला ऱ्हाऊ द्या. मेंढी अडली तर रातीच्याला कोन सोडीवतं? धनगरच ना. त्यांला समजतं. मेंढरं तेवढी भायेर काढा."

मेंढरं बाहेर गेली. मग राजांची पाळी.

"हे पूर्वेकडचे ज्ञानी लोक," मंजुषा म्हणाली. "ताऱ्याच्या मागोमाग फार लांबून आले."

"किती दिस चालून?"

"पुष्कळ."

"आंगूळ?"

"शास्त्रात तसं काही लिहिलेलं नाही."

तुम्ही तिघांना उंटासकट उचललंत आणि दाराबाहेर, चपलांच्या रॅकवर, माझ्या सॅंडलच्या शेजारी ओळीनं मांडलंत. "बारशापत्तूर हितंच."

मला वाटलं, आता मंजुषा चिडणार. कोणाच्याही देवघरात असा हात घातला तर माणूस चिडतोच. ती म्हणाली, "अगं, तसं पाहिलं तर ते त्या रात्री आलेच नव्हते. पुष्कळ दिवसांनी आले, आणि आले ते गोठ्यात नाही, घरात. तीन होते हेही कुठे लिहिलेलं नाही. भेटी तीन म्हणून आपण माणसं तीन धरली."

"मंग इतकी वर्सं आत कामून घेतले?"

"देखावा भरल्यासारखा दिसतो म्हणून," मंजुषा म्हणाली. खरं बोलणारी बाई आहे ती.

दोन दिवसांनी चर्चची मंडळी नाताळची गाणी म्हणत घरोघरी फिरत आली. एकीनं चपला काढता काढता विचारलं, मंजूताई, राजे इथे कसे? मंजुषानं शांतपणे सांगितलं, "सोयर आहे." 

त्याच आठवड्यात तुमची तेजस्विनी म्हसरूळला माहेरी बाळंत झाली. आठव्या महिन्यातच. मुलगी. एवढीशी होती. काही दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवली, मग घरी सोडली, पण डॉक्टरांनी बजावून: तेल नाही, मालिश नाही, बाहेरच्या माणसाचा हात नाही.

तुम्ही दुसऱ्या दिवशी पिशवी काखेला मारलीत आणि म्हसरूळला गेलात. सगळ्या नाशकाची बाळं ज्या पायांवर न्हाली, त्या पायांवर आता आपली नात येणार, यात तुम्हाला काही शंका नव्हती. विहीणबाई दारात आल्या आणि चौकटीला हात लावून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "बारसं होऊ द्या, मग या. तुमचाच नियम आहे ना हा?"

तुम्ही पिशवी घेऊन परत आलात. हे तुम्ही आम्हाला शेरॉनच्या बाळाच्या अंगावर पाणी घालता घालता सांगितलंत, शिळी बातमी सांगावी तसं. "बरोबर हाय तिचं. मी बी तेच क्येलं आसतं." त्या दिवशी तुम्ही बाळाला दोनदा साबण लावलात. शेरॉननं माझ्याकडे बघितलं. मी तिला डोळ्यांनीच गप्प बसवलं.

पुढे बारसंही लांबलं. वजन वाढल्याशिवाय चार माणसं जमवायची नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. दिवस कोणता, ते कोणी सांगेना. सार्थकनं फोनवर फोटो पाठवले. तुम्ही एकदा बघितलेत आणि फोन पालथा ठेवलात. "हेच्यात बाळ दिसत नाय. फोनच दिसतो." दुसऱ्यांची नातवंडं रोज हातात आणि स्वतःच्या नातीला बघायला मिळेल की नाही याचा पत्ता नाही, अशी गत होती. तुम्ही त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हतात. पण पाहुण्यांना हाकलायचंही सोडून दिलं होतं. शेरॉनची एक चुलत सासू पलंगावर बसून बाळाचे गाल ओढून गेली आणि तुम्ही काही बोलला नाहीत. तेव्हा मला काळजी वाटली.

मग एका सकाळी तुम्ही चहा घेऊन देखाव्यासमोर जमिनीवर बसलात आणि मंजुषाला विचारलंत, "त्या तिगांला दारातून आत कसं घेतलं? कोनाचे कोन. ना सोयरे ना गाववाले."

"भेटी आणल्या होत्या त्यांनी. सोनं, ऊद आणि गंधरस."

"ते कशापायी?"

मंजुषानं चर्चमध्ये सांगतात तो अर्थ सांगितला. सोनं राजाला देतात, म्हणजे हे बाळ राजा. ऊद देवापुढे जाळतात, म्हणजे हे बाळ देव. आणि गंधरस प्रेताला लावायचे, म्हणजे हे बाळ पुढे जगासाठी मरण पत्करणार.

तुम्ही कप खाली ठेवलात. "तान्ह्या बाळाच्या घरी मढ्याचं सामान?"

"तसा अर्थ आहे."

"कोनी काढला?"

"मोठमोठ्या विद्वानांनी."

"बाप्ये?"

"बहुतेक," मंजुषा म्हणाली. मग तिला काय आठवलं कोण जाणे, उठून कपाटातून एक पुडी घेऊन आली. तिचा भाऊ यरुशलेमच्या सहलीला गेला होता, त्यानं तिथून खरा गंधरस आणला होता. पुडीत तांबूस-तपकिरी खडे होते, डिंकासारखे. तिनं पुडी आपल्या नाकापाशी धरली आणि आपण दोघी एकदमच बोललो.

"बाळंतबोळ!"

तो वास मी विसरणं शक्य नाही. स्वानंदीच्या वेळी माझ्या आईनं तो कडू प्रकार रोज सकाळी समोर उभं राहून गिळायला लावला होता. मंजुषालाही तिच्या आईनं दिला होता, पण नाताळच्या गोष्टीतला तो आणि बाळंतपणातला हा, असा मेळ तिनं कधी घातला नव्हता. मीही नाही, कारण नाताळची गोष्ट माझी नव्हे. प्रेताला लावायचे हे खरं आणि बाळंतिणीला द्यायचे हेही खरं. वस्तू एकच. माझं दोन्ही अर्थांशी भांडण नाही.

तुमचं मात्र ठरलं होतं. "सोनं उगाळून मधातून बाळाला चाटवाया. ऊद धुरीला." इथं तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी छताकडे बघितलं. "म्हंजी दोगं जन बाळासाठी आले. बाळासाठी समदेच येत्यात. ह्यो एक बाईसाठी आला. कोनता त्यो?"

मंजुषाला माहीत नव्हतं. तिच्या सासऱ्यांनाही माहीत नसणार. तुम्ही बाहेर जाऊन रॅकसमोर उकिडव्या बसलात आणि तिन्ही राजांच्या हातांत काय आहे ते बघत राहिलात. शेवटी ज्याच्या दाढीचा टवका उडालाय आणि हातात झाकणाची डबी आहे, तो निवडलात. त्याचे पाय पदरानं पुसलेत, आत आणलात आणि मरियेच्या शेजारी ठेवलात. तोंड तिच्याकडे, पाठ बाळाकडे. "निघताना घरी बायकूला इचारलं आसनार ह्यानं."

बाकीचे दोन रॅकवरच राहिले.

मग तुम्ही विचारलंत, "आत आल्याव काय क्येलं त्यांनी?"

"पाया पडले, भेटी ठेवल्या आणि गेले."

"बाळाला उचाललं?"

"तसं लिहिलेलं नाही."

"कोनासारखं दिसतं, इचारलं?"

"नाही."

"च्या?"

"नाही गं बाई, काहीच नाही. वेगळ्या रस्त्यानं आपापल्या देशी निघून गेले."

"बरं," तुम्ही म्हणालात आणि कप विसळायला गेलात.

दुसऱ्या दिवशी मला म्हणालात, "म्हसरूळला चला माझ्यासंगं. एकलीला दारात हुबं ऱ्हायला कसंतरी वाटतं." आपण रिक्षानं गेलो. या वेळी तेलाची पिशवी नव्हती. स्टीलचा डबा होता. त्यात अळिवाचे लाडू, वर रविवार कारंजावरच्या काष्ठौषधीच्या दुकानातून आणलेला बोळ, आणि एक मऊ सुती साडी. बाळासाठी झबलंसुद्धा नव्हतं.

अंगणातल्या नळावर तुम्ही कोणी न सांगता हातपाय धुतलेत. पायरी चढला नाहीत. विहीणबाई दारात आल्या, चौकटीला हात लावला आणि त्यांचं वाक्य सुरू होणार तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "मी बाळाला बघाया नाय आले. तेजूला द्यायचं हाय हे."

विहीणबाईंनी डबा घेतला, झाकण उघडलं, वास घेतला. "हे अजून मिळतं?"

"मिळतं."

 विहीणबाईंनी आत वळून हाक मारली, "तेजू, बाहेर ये गं."

तेजस्विनी, हे वाचताना पुढचा भाग गाळू नकोस. मला कळेल.

ती आली, कानाला स्कार्फ, डोळ्यांखाली काळं. मालनबाई, तुम्ही खालूनच विचारलंत, झोप लागते का, पोटऱ्या दुखतात का, जेवण जातं का. एवढंच. तर ती उभ्या उभ्या रडायला लागली. मुलगी झाल्यापासून आल्यागेल्यानं, फोन करणाऱ्यानं, सगळ्यांनी वजनच विचारलं होतं, आणि तेही तिचं नव्हे. विहीणबाई डब्याचं झाकण दाबत राहिल्या. ते केव्हाच लागलं होतं.

मग त्या आत गेल्या आणि दुपट्यातलं गाठोडं घेऊन दारात उभ्या राहिल्या. "घ्या," म्हणाल्या.

"नको. डाक्टर नाय म्हनलेत." तुम्ही दोन्ही हात पाठीमागे बांधलेत. मी मागे उभी होते, म्हणून ते हात मला दिसत होते. एका हातानं दुसऱ्याचं मनगट धरून ठेवलं होतं.

विहीणबाईंनी दुपट्याची कड सरकवली. एवढंसं तोंड, त्यात नाकच काय ते दिसण्याजोगं. तुम्ही बघितलंत. बराच वेळ बघितलंत. आणि मग, मालनबाई, तुम्ही म्हणालात, "नाक आमच्या म्हाताऱ्याचं हाय."

मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही तुळशीकडे बघत होतात.

"झालं बघून?" विहीणबाई म्हणाल्या. सहज, हळू आवाजात.

"झालं."

"चहा टाकते."

"नगं. सोयर हाय अजून."

आपण निघालो. परत येताना रिक्षावाल्यानं वेगळा रस्ता घेतला. पंचवटीत गर्दी होती, एवढंच कारण.

पुढचं तुमच्या नातीनं, आरोहीनं, स्वतःच वाचावं: वजन वाढलं, बारसं झालं, आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावर पहिल्यांदा आजीच्या पायांवर आली तेव्हा ती गौरांगपेक्षा मोठ्यानं किंचाळली. विहीणबाईंनी पाणी तापवलं होतं. तुम्ही बादलीत हात घातलात आणि काही बोलला नाहीत, म्हणजे पाणी बरोबर होतं.

पण त्या दिवशी रिक्षा रामवाडीच्या पुलावर आली. तेव्हा तुम्ही म्हणालात, "त्या मंजूताईच्या देखाव्यात एक बाई कमी हाय."

"कोण?"

"पानी कोनी तापिवलं? समदे बाप्येच हायेत तिथं. एक म्हातारी पायजे, पाटावर बसल्याली, पाय पसरून."

मी म्हटलं, अशी कुठे मिळायची? दिवाळीत किल्ल्यांसाठी मातीची चित्रं येतात त्यांत मावळे असतात, वाघ असतो, गवळण असते, पण ती डोक्यावर हंडा घेऊन उभी. पाय पसरून कोणी बसत नाही. तर तुम्ही म्हणालात, गोदाकाठी गंगेवरच्या बाजारात बुधा कुंभार बसतो, तो ओळखीचा आहे, सांगितलं तर घडवून देईल. आपण दोघी जाऊ. बसायचं कसं ते तुम्ही त्याला करून दाखवणार, पैसे मंजुषा देणार, आणि घासाघीस मी करायची. वर तुमची अट होती, "मी बारीक व्हते तवासारखी करा म्हनावं."

त्या वर्षी नाताळ तोंडावर आला होता. पुढच्या वर्षी तुमचे गुडघे. मग खंडेरावांना शहर मानवेना आणि तुम्ही हरसूलला गेलात. मंजुषा अजून मरियेच्या डाव्या अंगाला थोडी जागा मोकळी सोडते. गाणी म्हणायला आलेल्या बायका विचारतात, इथे कोण? ती सांगते, आहे एक, पाण्याकडे गेलीय.

राजांचं काय करायचं ते सार्थकजवळ निरोप द्या. बुधाकडे जायचं तेवढं राहिलंच. मी एकटी गेले असते, पण त्याला जमिनीवर पाय पसरून दाखवणार कोण? माझे गुडघे तुमच्याहून वाईट आहेत.